दगड कसा तापवावा आणि कधी तापवू नये: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

चर्ट, चकमक, अकीक यांसारख्या दगडांच्या कपच्या काढून बाणाग्रे घडवण्याविषयी आलेल्या पत्रांमध्ये बहुतेकांनी एकाच टप्प्याबद्दल विचारले आहे. तो टप्पा म्हणजे घडाईपूर्वी दगड तापवणे. म्हणून या वेळी फक्त त्या विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: मी दाब देऊन कपची काढू लागलो, की ती धारेपासून निघते, पण थोडे अंतर गेल्यावर पायरी पाडून तुटते. दगड तापवला तर ही अडचण जाते, असे ऐकले. तापवल्याने दगडात नेमके काय बदलते?

चर्ट, चकमक, अकीक आणि जॅस्पर हे सगळे मुळात सिलिकाच आहेत. नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाहीत इतक्या बारीक क्वार्ट्‌झ-स्फटिकांची एकमेकांत गुंतलेली वीण म्हणजे हे दगड. या विणीत अतिसूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांत दोन प्रकारचे पाणी असते. एक नुसते साठलेले, आणि दुसरे हायड्रॉक्सिल गटांच्या (ऑक्सिजन-हायड्रोजन जोड्यांच्या) रूपाने सिलिकाला रासायनिकरीत्या बांधले गेलेले. आपण धारेवर दाब देतो तेव्हा निर्माण होणारी भेग न तापवलेल्या दगडात बरीचशी कणांना वळसे घालत, वाट बदलत पुढे सरकते. अशा प्रवासात तिची ऊर्जा लवकर संपते आणि कपची मध्येच तुटते.

दगड साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे सावकाश नेला, की साठलेले पाणी निघून जाते, समोरासमोरच्या हायड्रॉक्सिल गटांतूनही पाणी बाहेर पडते आणि त्यांच्या जागी सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असे नवे बंध तयार होतात. सूक्ष्म पोकळ्या काही प्रमाणात मिटतात, वीण अधिक एकसंध होते आणि भेग कणांना वळसा घालण्याऐवजी त्यांना चिरत सरळ जाऊ लागते. त्यामुळे कमी दाबात लांब आणि पातळ कपची निघते, आणि कपची सुटलेल्या जागी तेलकट चमक दिसते. हे स्पष्टीकरण अलीकडच्या अवरक्त वर्णपटाच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. त्याआधी, १९७१ साली बार्बरा पर्डी आणि एच. के. ब्रूक्स यांनी असे मांडले होते की कणांमधल्या फटींतील अशुद्ध द्रव्ये उष्णतेने वितळून कणांना सांधतात. कारणाबद्दल मतभेद असले, तरी भेगेचा मार्ग सरळ होतो याविषयी कुणाचा वाद नाही.

मात्र एक गोष्ट आपण पक्की धरावी. उष्णतेने चांगला दगड अधिक चांगला होतो, पण वाईट दगड चांगला होत नाही. आतली जुनी भेग, जीवाश्माचा तुकडा किंवा स्फटिकांनी भरलेली पोकळी तापवल्यावर जागच्या जागी राहते, आणि पुष्कळदा भेग आणखी वाढते. दगडावर हलका ठोका मारला असता खणखणीत आवाज आला तरच तो भट्टीत घालावा. भदभद वाजणारा दगड तापवण्यात इंधनाखेरीज काहीच खर्ची पडत नाही, असे म्हणण्यातही अर्थ नाही, कारण फुटताना तो शेजारचे चांगले तुकडेही बिघडवतो.

प्रश्न: कोणत्या दगडाला किती तापमान द्यावे?

एकच आकडा सांगणारा माणूस भेटला, तर त्याने एकाच खाणीचा दगड वापरला आहे असे समजावे. बारीक पोताच्या चकमकीला बहुधा २०० ते २५० अंश पुरतात. बहुतेक चर्ट २५० ते ३५० अंशांच्या दरम्यान सुधारतात. सिलक्रीट (वाळूचे कण सिलिकाने सांधले जाऊन झालेला दगड) आणि नोव्हाक्युलाइट (अतिशय बारीक कणांचा सिलिकामय दगड) यांना त्याहून जास्त, अनेकदा ४०० अंशांच्या आसपास, तापवावे लागते. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची काच असल्याने तिला तापवण्याची गरजच नसते, आणि बेसॉल्टला या उपचाराचा काही उपयोग नाही.

हे आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. एकाच थरातल्या दोन गोळ्यांची वर्तणूकही सारखी नसते. योग्य रीत अशी, की त्याच गोळ्याच्या पाच-सहा कपच्या घेऊन त्यांना क्रमांक घालावेत आणि प्रत्येक वेळी २५ अंश जास्त तापमानाला एक-एक तापवून पाहावी. थंड झाल्यावर प्रत्येकीची धार मोडून नव्या भंगाकडे बघावे. चमक ज्या तापमानाला प्रथम उमटते, तेथेच थांबावे. आणखी तापवल्याने काम सोपे होत नाही, दगड मात्र ठिसूळ होत जातो. क्वार्ट्‌झची स्फटिकरचना ५७३ अंशांना बदलते आणि त्या वेळी त्याचे आकारमान एकदम वाढते, म्हणून त्या मर्यादेच्या जवळपासही जाण्याचे कारण नाही.

प्रश्न: माझ्याकडे नियंत्रक असलेली भट्टी नाही. शेकोटीच्या निखाऱ्यात ठेवलेला दगड मोठा आवाज करून फुटला आणि तुकडे लांब उडाले. चूक कुठे झाली असेल?

चूक तापमानात होती असे नाही, ती घाईत होती. दगड उष्णतेचा मंद वाहक आहे. निखाऱ्यावर ठेवलेल्या तुकड्याचा पृष्ठभाग काही मिनिटांत शेकडो अंशांपर्यंत पोहोचतो, तर गाभा अजून कोमटही झालेला नसतो. बाहेरचा थर फुगतो, आतला फुगत नाही, आणि या ओढाताणीत आतल्या पाण्याची वाफ होऊन तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. नुकताच ओढ्यातून उचललेला किंवा जमिनीतून खणून काढलेला दगड असेल, तर त्यात पाणी अधिक असते आणि धोकाही तेवढाच वाढतो.

म्हणून पहिले काम सुकवण्याचे. अख्खा गोळा कधीही तापवू नये. आधी ठोकून त्याचे एक ते दीड सेंटिमीटर जाडीचे ओबडधोबड तुकडे करून घ्यावेत. पातळ तुकड्याच्या आत आणि बाहेर तापमानाचा फरक कमी राहतो आणि वाफेलाही लवकर वाट मिळते. हे तुकडे काही दिवस उन्हात आणि नंतर १०० अंशांच्या जवळपास एक पूर्ण दिवस ठेवावेत. जाड तुकड्यांना दोन दिवसही लागतात. या टप्प्यात कंटाळा करणाऱ्यांचेच दगड सर्वात जास्त फुटतात.

विद्युत भट्टी मिळाली, तर त्यापुढे तासाला २५ ते ३० अंश या गतीने ठरवलेल्या तापमानापर्यंत जावे, तेथे काही तास थांबावे आणि मग भट्टी बंद करून ती बंदच ठेवावी. तुकडे हाताला थंड लागेपर्यंत झाकण उघडू नये. उत्सुकतेपोटी मध्येच उघडलेल्या झाकणाने जेवढे दगड जातात, तेवढे चढत्या तापमानानेही जात नसावेत.

भट्टी नसेल, तर वाळूचा खड्डा हा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. उथळ खड्डा खणून त्यात आधी एकदा जाळ करावा, म्हणजे खालची माती कोरडी होते. राख काढून टाकून कोरडी वाळू पसरावी, तिच्यावर तुकडे एकमेकांना न टेकवता मांडावेत आणि त्यांच्यावर साधारण पाच सेंटिमीटर वाळूचा थर द्यावा. वर प्रथम अगदी लहान जाळ करावा आणि तो काही तासांत हळूहळू वाढवत न्यावा. शेवटी निखारे पसरून राखेने झाकावेत आणि दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावरच उकरावे. वाळूचा थर हाच या भट्टीचा नियंत्रक आहे. तो वाढवला की आतले तापमान कमी राहते, पातळ केला की वाढते. लोखंडी कांडीच्या टोकाशी बसवलेला उष्णतामापक वाळूत खुपसून ठेवता आला, तर अंदाजाचे काम राहत नाही. जाळाच्या वेळी खड्ड्यावर वाकून पाहू नये, आणि वाळूत ओलावा उरला आहे अशी शंका आली, तरी तो दिवस सोडून द्यावा.

फुटलेले तुकडे फेकून देण्यापूर्वी एकदा पाहावेत, कारण फुटण्याचे कारण त्यांच्यावरच लिहिलेले असते. पृष्ठभागावरून बशीच्या आकाराच्या गोल चकत्या उडाल्या असतील, तर तापमान फार वेगाने चढले किंवा दगड ओला होता. सगळीकडे बारीक भेगांचे जाळे पसरले असेल, तर तापमान फार वर गेले. तुकडा मधोमध, नागमोडी वळणाने दुभंगला असेल, तर बहुधा तो फार लवकर थंड झाला.

प्रश्न: दगडाचा रंग बदलला नाही. म्हणजे उपचार वाया गेला का?

नाही. पिवळा किंवा तपकिरी दगड लाल होतो तो त्यातल्या गोएथाइट या लोहखनिजाचे हेमाटाइट झाल्याने, आणि ज्या दगडात लोह नाही त्याचा रंग बदलत नाही. हाच बदल पिवळट अकीकाला कार्नेलियनचा लाल रंग देतो. उलट लोह भरपूर असलेला दगड पूर्ण तापण्याआधीच लाल दिसू लागतो. रंग हा लोहाचा पुरावा आहे, घडणसुलभतेचा नव्हे. खात्री करायची असेल, तर नव्या कपचीच्या व्रणावरील, म्हणजे ती सुटलेल्या जागेवरील, चमक पाहावी. जुना पृष्ठभाग तापवूनही निस्तेजच राहतो, त्यामुळे त्याकडे पाहून काही कळत नाही.

प्रश्न: अश्मयुगातल्या माणसाला हे तंत्र खरोखर माहीत होते, की आपण आजची कल्पना त्याच्यावर लादतो आहोत?

शंका रास्त आहे, कारण दगड अपघाताने चुलीतही पडतो. इस्रायलमधील काफ्झेह गुहेतल्या भाजलेल्या चकमकी अशाच, आणि त्यांच्यावरून ऊष्मादीप्ती पद्धतीने (दगड तापवल्यावर त्यातून निघणारा प्रकाश मोजून) त्या थराचे वय सुमारे ९२,००० वर्षे ठरवता आले. पण अपघाताने भाजणे वेगळे आणि हेतुपुरस्सर तापवणे वेगळे, आणि ते ओळखायची खूण एकाच अवजारावर सापडते. एका बाजूला निस्तेज जुना व्रण आणि त्याला छेदणारा चमकदार नवा व्रण असेल, तर कारागिराने आधी काही कपच्या काढल्या, मग दगड तापवला आणि पुन्हा घडाई सुरू केली, हा क्रम त्यावर वाचता येतो.

दक्षिण आफ्रिकेतील पिनॅकल पॉइंट येथील सिलक्रीटच्या अवजारांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सुमारे ७२,००० वर्षांपूर्वी असा उपचार सर्रास होत असल्याचे, आणि त्याची सुरुवात कदाचित १,६४,००० वर्षांपूर्वीच झाली असल्याचे दाखवले गेले. त्याच देशातील ब्लॉम्बोस गुहेत सुमारे ७५,००० वर्षांपूर्वी तापवलेल्या सिलक्रीटवर दाबतंत्राने बारीक घडाई केल्याचा निष्कर्ष २०१० साली मांडण्यात आला. फ्रान्समधील सोल्युट्रियन या अश्मयुगीन संस्कृतीची पानाच्या आकाराची सुबक अग्रे तापवलेल्या चकमकीची असल्याचे पुरातत्त्वज्ञ फ्रान्स्वा बोर्द यांनी १९६९ साली दाखवले. आधुनिक काळात हा विषय प्रयोगातून पुढे आणण्याचे मोठे श्रेय अमेरिकेतील दगडघडाईचे प्रयोग करणारे डॉन क्रॅबट्री यांना जाते. त्यांनी रॉबर्ट बटलर यांच्यासह १९६४ साली सिलिका-दगड तापवण्याच्या प्रयोगांवर टिपण लिहिले. घडलेल्या अवजाराकडे नुसते बघून जे कळत नव्हते, ते स्वतः दगड फोडून पाहिल्यावर उलगडले, हे मला त्यात विशेष वाटते.

प्रश्न: तापवलेल्या दगडाचे अग्र सुंदर झाले, पण लक्ष्यावर आपटताच टोक मोडले. मग तापवण्याचा फायदा काय?

जो गुण घडाई सोपी करतो तोच वापरात नडतो. भेग सहज पुढे जाते याचाच अर्थ दगडाची तुटण्याला विरोध करण्याची ताकद कमी झाली आहे. बाणाग्राच्या बाबतीत हा सौदा बहुधा परवडतो, कारण पातळ आकार आणि तीक्ष्ण धार यांचे तेथे मोल अधिक असते. कातडे खरवडण्याचे अवजार, छिद्रक किंवा ठोकण्याचे अवजार करायचे असेल, तर दगड न तापवताच वापरावा.

टोक वारंवार मोडत असेल, तर त्याच्याजवळचा भाग थोडा जाड ठेवावा आणि टोकाची घडाई सर्वात शेवटी करावी. बुडाजवळच्या खाचाही घाईने काढू नयेत, कारण तापवलेल्या दगडात त्या जागी अग्र आडवे तुटण्याची शक्यता जास्त असते. शिवाय हाताचा जोर बदलावा लागतो. न तापवलेल्या दगडावर ज्या जोराने तांब्याचे टोक किंवा सांबरशिंग टेकवतो, त्याच जोराने तापवलेल्या धारेवर टेकवले, तर धार चुरडते. प्रत्येक कपचीआधी खरखरीत दगडाने धार घासून तिचा कडेचा नाजूक भाग काढून टाकावा आणि मगच हळूहळू वाढता दाब द्यावा. पहिले काही तुकडे या सवयीतच जातील, ते जाऊ द्यावेत.

प्रश्न: घरात बसून घडाई करण्यात धोका आहे का?

आहे, आणि तो कापण्याहून धुळीचा जास्त आहे. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साठली, की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. इंग्लंडमधील ब्रँडन या गावी बंदुकीसाठी चकमकी घडवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या याच रोगाने मेले. घडाई उघड्यावर करावी, वारा पाठीमागून येऊ द्यावा, धारेचे घासणे ओल्या दगडावर करावे, मुखपट्टी सिलिकाच्या धुळीला रोखणारी असावी आणि खाली पडलेला चुरा झाडण्याऐवजी ओल्या कापडाने टिपावा. डोळ्यांवर चष्मा आणि मांडीवर जाड कातडे या गोष्टी वैकल्पिक नाहीत. कपच्या गोळा करून बंद डब्यात ठेवाव्यात, आणि आपण घडवलेल्या प्रत्येक अग्रावर साल कोरून ठेवावे. तापवलेल्या नव्या अग्राला काही काळानंतर नुसत्या नजरेने प्राचीन अग्रापासून वेगळे काढणे जाणकारांनाही अवघड जाते. याच कारणाने कपच्यांचा ढीग एखाद्या पुरातत्त्वीय स्थळाजवळ कधीही टाकू नये, आणि सापडलेले जुने अवजार भट्टीत घालून पाहण्याचा विचारही करू नये, कारण एकदा तापले की त्याचे वय सांगणारा संकेत पुसला जातो.