नऊला आडवे होऊ नका

तुमच्या पोस्टमधलं म्हणणं मी थोडक्यात असं समजलो. आठ महिन्यांपूर्वी बदलीच्या टांगत्या तलवारीमुळे झोप उडाली. बदलीचं प्रकरण मिटलं, तरी झोप परत आली नाही. साडेनऊला पडता, अकराच्या आसपास डोळा लागतो, अडीचला टक्क जाग येते आणि मग साडेसातपर्यंत कूस बदलत, मध्येच डुलकी लागत पडून राहता. घोरत नाही असं घरचे सांगतात. चाळीस हजारांची नवी गादी घ्यायचा विचार आहे. आणि शेवटी लिहिलंय, "उद्यापासून नऊलाच आडवा होणार, निदान जास्त वेळ तरी मिळेल."

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. कृपा करून ते करू नका. मी नेमकं तेच केलं आणि आयुष्यातली सव्वादोन वर्षं घालवली.

मी डॉक्टर नाही. कराडमध्ये राष्ट्रीयीकृत बँकेत कॅशियर आहे, वय सत्तावन्न. माझ्या बाबतीत जे घडलं आणि त्यानंतर एका जाणकार बाईंनी जे समजावलं, तेवढंच सांगतोय. चहा, मोबाईल, संध्याकाळचं फिरणं याबद्दल इतरांनी लिहिलेलं आहेच, मी त्यात जात नाही. ते सगळं मी पाळत होतो, तरी जागाच होतो.

माझं सुरू झालं नोव्हेंबर २०१६ मध्ये. आठ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, दहा तारखेपासून काउंटरसमोर रांग. शनिवार-रविवारसुद्धा शाखा उघडी होती. रात्री नऊ-दहापर्यंत कॅश टॅली करत बसायचं, घरी येऊन पडलं तरी डोळ्यांपुढे नोटा. त्या दिवसांत झोप न येणं समजण्यासारखं होतं. पण ३० डिसेंबरला नोटा भरायची मुदत संपली, जानेवारीत गर्दी ओसरली, फेब्रुवारीत शाखा पूर्ववत झाली. माझी झोप मात्र पूर्ववत झाली नाही. तुम्ही विचारलंय, "ताण संपला तरी असं का?" मीही दोन वर्षं हेच विचारत होतो.

त्याचं कारण होतं मी केलेला उपाय. झोप कमी पडते तर बिछान्यातला वेळ वाढवू, असा सरळ हिशेब मी केला. आधी साडेदहाला झोपायचो, ते दहा केलं, मग साडेनऊ, मग नऊ. सकाळी साडेपाचला उठणारा माणूस मी, सातपर्यंत लोळू लागलो. रविवारी जेवणानंतर दोन-अडीच तास. घरातले सगळे सांभाळून घेत होते. नऊला दिवे मंद, टीव्ही बंद. म्हणजे बिछान्यात दहा तास आणि झोप जेमतेम साडेपाच तास, तीही तुकड्यातुकड्यांची. उरलेले साडेचार तास मी अंधारात काय करत होतो? उद्याच्या कॅशची काळजी, घड्याळ, वजाबाकी. "आता झोपलो तर चार तास मिळतील, आता तीन." असं रोज करून करून उशीला डोकं लागलं की मन जागं व्हायला शिकलं. हॉलमध्ये बातम्या बघताना पेंगणारा मी आतल्या खोलीत जाऊन गादीवर पडलो की लख्ख जागा! तुमच्याही पोस्टमध्ये हे आहे, बघा. "सोफ्यावर झापड येते, आत गेलो की उडते." ही फार महत्त्वाची खूण आहे. गादीत दोष असता तर असं झालं नसतं. ते चाळीस हजार तूर्त राहू द्या.

भाकरीचं उदाहरण देतो. पिठाचा गोळा तेवढाच आहे. परात मोठी घेऊन थापत गेलात तर भाकरी मोठी झालेली दिसेल, पण पातळ होऊन जागोजागी फाटेल. झोपेचंही तसंच. माणूस जितका वेळ जागा राहतो तितकी झोपेची ओढ साठत जाते. सकाळी उशिरा उठलात, दुपारी निजलात आणि रात्री नऊला पडलात, तर ओढ साठायला वेळच मिळत नाही. साठलेली साडेपाच तासांची झोप दहा तासांवर पसरते आणि मध्ये भोकं पडतात.

आता एक मनातलं बोलतो, कारण त्याची सल अजून आहे. मार्च २०१७ मध्ये मी एका मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेलो. नाव सांगणार नाही, कोणत्या गावातलं तेही नाही. दोन तास बसलो, आत चार मिनिटं मिळाली. "झोप येत नाही? टेन्शन घेऊ नका," म्हणून अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. पुढच्या खेपेला अर्धी मिलिग्रॅम. दोन वर्षांत तिथे सात-आठ वेळा गेलो असेन. रक्त तपासलं, थायरॉईड बघितलं, एकदा ईसीजीसुद्धा काढला. पण किती वाजता पडता, किती वाजता उठता, एवढा साधा प्रश्न एकदाही कुणी विचारला नाही. तो विचारला असता तर सगळं पहिल्याच दिवशी उघड झालं असतं. याला मी निष्काळजीपणाच म्हणेन. गर्दी असते, डॉक्टरांवर बोजा असतो, मान्य आहे. मी स्वतः काउंटरच्या आत बसणारा माणूस आहे, रांगेचा बोजा मला कळतो. तरीही तो प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात.

गोळीबद्दल इतकंच. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली तिचा उपयोग असतो, मी सरसकट वाईट म्हणत नाही. पण शरीराला तिची सवय लागते. ती २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहे, म्हणजे दुकानदाराने चिठ्ठी बघून वेगळ्या वहीत नोंद करूनच द्यायची. ओळखीचा केमिस्ट जुन्या चिठ्ठीवर देतो म्हणून घेत राहू नका. आणि जे कुणी वाचणारे आधीच घेत असतील त्यांना हात जोडून सांगतो, एकदम बंद करू नका. मी एकदा मनानेच बंद केली. तीन रात्री छातीत धडधड आणि हातांना कापरं. एकाएकी सोडल्याने काहींना फिटही येऊ शकते. ती कमी करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

मे २०१८ मध्ये एका संध्याकाळी माझी कॅश अठरा हजारांनी शॉर्ट आली. तीस वर्षांच्या नोकरीत पाचशेच्या वर कधी गेली नव्हती. चार वेळा मोजली, व्हाउचरं तपासली, शेवटी खिशातून भरली. पैशांपेक्षा आपला आपल्या हातांवरचा विश्वास गेला, त्याचं फार वाईट वाटलं. पुण्यात शिकणाऱ्या मुलीने हे ऐकून एका मानसोपचार तज्ज्ञ बाईंची वेळ घ्यायला लावली. त्यालाही मी फेब्रुवारी २०१९ उजाडू दिला, "मला काय वेड लागलंय का" या हट्टापायी. ते नऊ महिने गेले ते माझ्या चुकीने, दुसऱ्या कुणाच्या नाही.

बाईंनी आधी पंधरा दिवस वही लिहायला लावली. किती वाजता पडलो, अंदाजे कधी लागली, किती वेळा उठलो, शेवटचा कधी उठलो, दुपारी निजलो का. घड्याळ न बघता, सकाळी चहा घेताना आठवून लिहायचं. मी कॅशियर, वही अगदी नेटकी ठेवली. सरासरी निघाली बिछान्यात दहा तास, झोप साडेपाच. म्हणजे पंचावन्न टक्के. बाई म्हणाल्या, "तुम्हाला साडेपाच तास झोप येते ना, मग बिछानाही साडेपाच तासच." उठायची वेळ पहाटे साडेपाच, अगदी पक्की. तिथून मागे मोजलं तर झोपायची वेळ रात्री बारा. नऊला पडणाऱ्या माणसाला बारापर्यंत बसायला सांगत होत्या! मला वाटलं, या बाईंना माझा त्रास कळलेलाच नाही.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. हा त्यांच्या मनाचा खेळ नव्हता. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये सहकाऱ्यांसह ही रीत मांडली. त्यांचंच म्हणणं असं की निद्रानाशात तीन गोष्टी असतात. मुळातली प्रकृती, सुरुवातीचं निमित्त, आणि निमित्त संपल्यावर तो टिकवून धरणाऱ्या सवयी. माझं निमित्त नोटाबंदी, तुमचं बदली. टिकवून धरणारी सवय मात्र दोघांची एकच. या उपचाराचं पूर्ण नाव निद्रानाशासाठीची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याची पद्धत. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार हाच करा, गोळी नंतर, असं स्पष्ट सांगितलं. मी २०१७ मध्ये गोळी घ्यायला लागलो, तेव्हा हे कागदावर आलेलं होतं. म्हणून राग येतो.

पहिले दहा दिवस कठीण गेले, खोटं सांगणार नाही. साडेनऊ ते बारा काय करायचं हाच प्रश्न. आडवं व्हायचं नाही, सोफ्यावरही नाही. मी सरळ पाठीच्या खुर्चीत बसून तांदूळ निवडायचो, शेंगा फोडायचो, कपड्यांना इस्त्री करायचो. बायको काळजीने म्हणायची, "आधीच झोप नाही आणि त्यात जागरण कसलं करताय?" तिलाही दुसऱ्या खेपेला बाईंकडे नेलं. हे तुम्हीही करा. घरच्यांना पटलेलं नसेल तर ते प्रेमापोटी दहालाच झोपायला पाठवतात.

दुसरा नियम, गादीवर पडून वीसेक मिनिटं झाली असं वाटलं आणि डोळा लागला नाही तर उठून बाहेर यायचं. घड्याळात बघायचं नाही, अंदाजाने. पेंग आली की परत आत. इथे थकवा आणि पेंग यांतला फरक ओळखावा लागतो. अंग दुखतंय, वैताग आलाय, हा थकवा. पापण्या मिटतायत, मान पुढे पडतेय, ही पेंग. मी दोन वर्षं थकवा आला की आडवा होत होतो.

तुम्ही ठाण्यात वन-आरकेमध्ये राहता, उठून जायचं कुठे, हा प्रश्न येईल. स्वयंपाकघरात एक खुर्ची पुरते. तीही नसेल तर अंथरूण गुंडाळून ठेवा आणि ठरलेल्या वेळीच घाला. आमच्या लहानपणी सकाळी अंथरुणं काढून रचून ठेवत, रात्रीशिवाय गादी दिसत नसे. आता दिवाण चोवीस तास अंथरलेला आणि त्याच्यावरच जेवण, लॅपटॉप, फोन. माझं मत म्हणाल तर ही जुनी रीत फार शहाणपणाची होती.

सातव्या-आठव्या रात्री बाराला पडलो ते थेट पाचला जाग आली. उठून बसलो आणि डोळ्यांत पाणी आलं. पुढे हिशेब असा. बिछान्यातल्या वेळापैकी प्रत्यक्ष झोपेची आठवड्याची सरासरी पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर गेली की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे. नाही गेली तर तिथेच थांबायचं. काही आठवडे मी तिथेच अडकलो. तीन महिन्यांनी पावणेअकरा ते साडेपाचवर स्थिरावलो, ते आजतागायत. झोप सहा-सव्वासहा तास होते आणि मला ती पुरते. गोळी या काळात डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने सुटली, ऑगस्टमध्ये शेवटची घेतली. रविवारीही साडेपाच. उठून प्रीतिसंगमावर जातो, तिथे उजाडताना तासभर चालणं होतं. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जागेवर राहतं, हेही बाईंनीच सांगितलं होतं.

आता सावधगिरी, आणि ही वगळू नका. पाच तासांच्या खाली कधी जायचं नाही. पहिले दोन-तीन आठवडे दिवसा खूप झोप येते, तेव्हा गाडी चालवू नका. मी मोटरसायकल घरी ठेवून शाखेत चालत जायचो आणि साहेबांना सांगून कॅशऐवजी दुसऱ्या काउंटरवर बसलो. ड्रायव्हर, मशीनवर काम करणारे, फिट येणारे, बायपोलरचा आजार असलेले, गरोदर बायका यांनी हे घरच्या घरी अजिबात करू नये. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा बसल्या जागी डोळा लागणं असेल तर आधी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी करून घ्या, तो आजारच वेगळा आहे. घरचे नाही म्हणतात ते ठीक, तरी त्यांना एकदा नीट ऐकायला सांगा. आणि रात्री अडीचला मन फारच खचलं, नको ते विचार येऊ लागले, तर एकटे बसू नका. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६, मोफत, मराठीत बोलतात.

तुमच्या पोस्टखाली एकांनी दुधात जायफळ सुचवलंय. चिमूटभर ठीक, माझी आई द्यायची. पण "अर्धा चमचा घाला, लगेच गुण येतो" हे धोक्याचं आहे, जास्त जायफळाने धडधड आणि भ्रम होतो. काशाच्या वाटीने तळपाय घासून घ्या, त्याने अपाय नाही. मी अजूनही घेतो, बरं वाटतं. त्याने निद्रानाश जाईल असं मात्र म्हणणार नाही.

तर तुमच्यापुरतं असं. साडेनऊ ते साडेसात म्हणजे दहा तास, आणि पोस्टवरून झोप साडेपाचच्या आसपास दिसते. पण माझ्या अंदाजावर जाऊ नका. उद्या सकाळी वही घाला, पंधरा दिवस लिहा. तोवर एकच बदल करा, उठायची वेळ पक्की ठेवा, रविवार धरून. पंधरा दिवसांनी ती वही घेऊन निद्रानाशावर सीबीटी करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. पहिल्या भेटीत त्यांनी वही उघडली नाही, तर दुसरा तज्ज्ञ शोधा. वेळ मिळण्यात अडचण आली तर मला व्यक्तिगत निरोप करा. आमच्या बाई आता फोनवरूनही बघतात, त्यांना विचारून नंबर कळवतो.