दापोलीतलं घर होमस्टेला द्यायचंय, अडीअडचणीची काय तयारी ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की घर दापोली तालुक्यात, तुम्ही राहणार पुण्यात, दाराला नंबरचं कुलूप बसवणार. मग प्रथमोपचार पेटी, आग विझवायचं सिलिंडर आणि भिंतीवर फोन नंबरांचा कागद एवढं पुरे का? नाही पुरे. रात्री हाकेच्या अंतरावर झोपणारा, गाडी चालवता येणारा गावातला माणूस नसेल तर तुम्ही घर देऊच नका. आमच्या घरात मी हे कित्येक वर्षं सांगत आलेय, म्हणून जरा लांबण लागेल.

आमचंही घर त्याच तालुक्यात आहे. चिऱ्याचं, कौलारू, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. आम्ही दोघं गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. धाकटे भाऊजी पुण्याला असतात, बुकिंगचं सगळं तेच बघतात. घराच्या पडवीत वाडीतले एक काका झोपतात. त्यांचा पगार कशाला, पाहुण्यांना कोड पाठवला की झालं, हे भाऊजींचं म्हणणं पहिल्यापासून.

जुलैतली गोष्ट. ठाण्याचं कुटुंब आलं होतं. पलंग पुरेनात म्हणून मुलांनी माजघरात खाली गाद्या टाकल्या. पहाटे तीनच्या सुमारास कॉलेजात जाणारा मुलगा पोट धरून उठला. कळा, मग उलटी. रात्री कोंबडी-वडे झाले होते, तेव्हा अजीर्णच असणार असं सगळ्यांनी धरलं. आईने पेटीतली अ‍ॅसिडिटीची गोळी दिली आणि पडून राहा म्हणाली. शहरातल्या घरात कोणत्याही आईने हेच केलं असतं. लाइट संध्याकाळपासून गेलेली, मोबाइलला रेंज नाही, बाहेर पाऊस.

आवाजाने काका उठून आत आले. बॅटरी त्याच्या तोंडावर धरली तर त्याला पापण्या वर उचलता येईनात. बोलणं जड झालेलं. काकांनी एकच विचारलं, "झोपला कुठे होता?" खाली म्हटल्यावर म्हणाले, "मण्यार असेल. आत्ताच्या आत्ता निघायचं." वडील म्हणाले, चावल्याची खूण कुठाय? काकांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. मुलाला कुशीवर आडवं केलं, त्यांच्याच गाडीची किल्ली मागितली आणि स्वतः चालवायला बसले. हमरस्त्यावर झाड पडलेलं त्यांना संध्याकाळीच ठाऊक होतं, त्यांनी वरच्या वाडीतून गाडी घातली. निघताना शेजारच्या पोराला मोटारसायकलवर आमच्याकडे पिटाळलं. आम्ही तालुक्याच्या रुग्णालयात पोचलो तेव्हा लस सुरू झाली होती आणि नर्स अम्बू बॅग दाबून त्याला श्वास देत होती. पुढे व्हेंटिलेटर असलेल्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. पोरगा वाचला, चालत घरी गेला. दुसऱ्या दिवशी सर्पमित्राला माजघरातल्या जुन्या पेटाऱ्यामागे मण्यार मिळाली. काळी कुळकुळीत, अंगावर पांढरे आडवे पट्टे.

मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दात सुईसारखे बारीक, सूज नाही, आग नाही. पुष्कळदा झोपमोडही होत नाही. पोटदुखी, उलटी, मग पापण्या मिटायला लागणं, गिळता न येणं आणि शेवटी श्वास बंद. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच लस चालते, सरकारी रुग्णालयात ती मिळते. पण मण्यारीच्या रोग्याचा श्वास कुणीतरी चालू ठेवावा लागतो, तेव्हा वेळेत पोचणं हाच इलाज. तुमची पेटी इथे कुठे बसते सांगा. पेटी होती म्हणूनच तर गोळी देऊन झोपायला सांगितलं गेलं.

यावर भाऊजींनी काय करावं? एक फॉर्म छापून आणला. 'साप, विंचू, समुद्र, वीज यांपासून होणाऱ्या इजेस मालक जबाबदार नाहीत', खाली पाहुण्याची सही. मला म्हणाले, "वहिनी, आपण दवाखाना चालवत नाही." मी म्हटलं, भाऊजी, आपण माणसं झोपवतो आणि त्याचे पैसे घेतो. आपल्या कौलांखाली झोपलेलं लेकरू पहाटे निळं पडलं तर त्याच्या आईला सही दाखवणार का? तो फॉर्म मी अजून एकाही पाहुण्यापुढे ठेवलेला नाही आणि ठेवणार नाही.

आता तुमच्या घराचं. खाली गाद्या टाकायच्या नाहीत. जितके पलंग तितकीच माणसं घ्या, प्रत्येक पलंगाला मच्छरदाणी आणि ती गादीखाली खोचलेली. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकून लाकडं, कौलं रचू नका, फुरशी तिथेच बसतात. विंचवाला हसू नका. लाल विंचू चावून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर थेट रुग्णालय गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातली कितीतरी माणसं वाचवली, पण त्यासाठी माणूस डॉक्टरपर्यंत पोचायला हवा.

बाथरूममधला गॅस गीझर आजच काढा. दार-खिडकी लावून कोणी आंघोळीला बसलं की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, माणूस आतच पडतो. मेन बोर्डाला 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच, बसवा आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्याला दाबून बघा. आपल्या जांभ्यात उन्हाळ्यात ओल टिकत नाही, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचं काम कोणाला तरी नेमून द्या.

समुद्राचं म्हणाल तर पाटीने कोणी थांबत नाही. जेवण वाढता वाढता भरतीची वेळ सांगितली की ऐकतात. तिथीची पाऊणपट करा: अष्टमीला भरती साधारण सहाला, पौर्णिमेला आणि अवसेला सव्वाअकरा-साडेअकराला, आणि या दोन दिवसांत उधाण. गाडी वाळूत उतरवणाऱ्यांना हे आधी सांगा.

भिंतीवरच्या कागदाबद्दल एवढंच. 108 आणि 112 लिहाच, पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या भागात फोनही गेले आणि वीजही, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे. त्या कागदावर वाडीत गाडी कोणाची, किल्ली कुठे टांगलेली आणि पावसात कुठला रस्ता तुंबतो, हेही लिहा. नोंदवहीत आधार क्रमांक घेता तसं सोबत न आलेल्या एका नातलगाचा नंबर आणि चालू औषधं लिहून घ्या. हृदयविकार, फिट्स, दमा हे विचारायला लाजू नका.

मी डॉक्टर नाही. पोट दुखणाऱ्या प्रत्येकाला मण्यार चावलेली नसते, आणि आमच्या काकांसारखा माणूस प्रत्येक वाडीत मिळेल असंही नाही. विमा जरूर घ्या, पायऱ्यांवरून पडणं वगैरेला तो उपयोगी पडतो. भाऊजींचा हिशेबही सगळा चुकीचा म्हणत नाही, चार महिने घर रिकामं असताना पगार जड जातो हे खरं. पण परवडत नसेल तर जून ते सप्टेंबर बुकिंग बंद ठेवा, माणूस कमी करू नका. आणि त्याला बुकिंगमागे टक्का नको, महिन्याचा ठरलेला पगार द्या. घर ओस पडलं की उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात. पाहुणे नसलेल्या आठवड्यातही कोणीतरी पडवीत झोपायला हवं.