आग्नेस पॉकेल्स यांची पन्हळ शाळेत करता येईल?

प्रश्न : पाण्यावरच्या तेलाच्या पापुद्र्याचं पहिलं नेमकं मोजमाप जर्मन संशोधिका आग्नेस पॉकेल्स यांनी घरच्या घरी केलं, असं वाचलं. नववीच्या मुलांकडून ते करून घेता येईल का? पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव का नसतं?
– एक विज्ञान शिक्षिका, सातारा

उत्तर : येईल. पॉकेल्स यांची पत्र्याची पन्हळ 70 सेंमी लांब, 5 सेंमी रुंद आणि 2 सेंमी खोल होती. तशीच पत्रेवाल्याकडून करून घ्या. कडा सपाट हव्यात. पाणी काठोकाठ, किंचित वर फुगेल इतकं भरा आणि दीड सेंमी रुंदीची पत्र्याची पट्टी काठांवर आडवी ठेवा. तिची खालची बाजू पाण्याला टेकलीच पाहिजे. फट राहिली की तेल पलीकडे निसटतं आणि सगळे आकडे फसतात.

पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची आखडून घेणारी ओढ, मोजायला त्यांनी 6 मिमीची चकती तराजूला टांगली होती. तुम्ही 2 सेंमीची घ्या, म्हणजे ती पाण्यापासून सुटताना लागणारं वजन ग्रॅमभर भरेल आणि शाळेच्या तराजूवर फरक दिसेल.

आधी नुसत्या पाण्यावर पट्टी सरकवा. वजन बदललं, तर पाणी मळकट आहे. बहुतेकदा दोष बोटांच्या तेलकटपणाचा किंवा भांड्याला राहिलेल्या साबणाचा असतो. पट्टीने पृष्ठभाग चार-पाच वेळा झाडून काढा, दर वेळी पट्टी पुसा. मग सुई तेलात बुडवून, कागदाने पुसून, टोक पाण्याला नुसतं टेकवा. थेंब टाकू नका. तेलाचा डोळा तरंगत राहिला, तर पृष्ठताण आधीच उतरलेला असतो आणि पट्टी कितीही सरकवा, वजन हलत नाही. तेल बेताचं असेल, तर जागा आखडत नेताना वजन बराच वेळ तसंच राहतं आणि एका ठिकाणाहून झपाट्याने घसरतं. पॉकेल्स यांचा शोध तो हाच. तिथे रेणू एकमेकांना खेटतात.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये राहणाऱ्या पॉकेल्स यांच्या तरुणपणी तिथे मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. जानेवारी 1891 मध्ये त्यांनी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना या प्रयोगांबद्दल पत्र लिहिलं. रॅलेंनी ते मार्चमध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापवलं. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युर यांनी 1917 मध्ये याच पन्हळीत सुधारणा केली, 1932 चं नोबेल मिळवलं आणि उपकरणाला लँगम्युर यांचं नाव चिकटलं. त्याच वर्षी पॉकेल्स यांना सत्तरीत मानद डॉक्टरेट मिळाली. मुलांच्या वहीत आकृतीखाली ‘पॉकेल्स पन्हळ’ असंच लिहून घ्या.