पोट्ट्याले मार कमी पडला?

प्रश्न : माझ्या बहिणीचा मुलगा १५ वर्षांचा. मागच्या महिन्यात दोन मोठ्या पोरांसोबत चोरीच्या गाडीवर सापडला. बाल न्याय मंडळाने जामिनावर घरी पाठवलं. भाऊजी म्हणतात, "पोट्ट्याले मार कमी पडला." खरं म्हणजे दोन वर्षांपासून ते त्याला पट्ट्याने मारतात. आता परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरची चौकशी करायला येणार आहेत. बहीण म्हणते, घरातलं बाहेर काढू नको, केस बिघडेल. मी बोलू का?
– एक मावशी, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, बोलाच. माझी सगळी नोकरी परिविक्षा अधिकारी म्हणूनच गेली. नागपूरच्या मे महिन्यात मनगटापर्यंत गुंड्या लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून एखादं पोरगं समोर बसलं, की मी गाडीचं नंतर विचारायचे. आधी विचारायचे, बाबा घरी किती वाजता येतात? आणि ते झोपेपर्यंत तू कुठे असतोस?

उत्तर बहुधा तिथेच मिळायचं. लहान लेकरू मार खाऊन कोपऱ्यात बसतं, पंधरा वर्षांचं बाहेर पडतं. रात्री पानठेल्यामागे त्याला जागा देणारी, अंडाभुर्जी खाऊ घालणारी मोठी पोरं भेटतात. मग एक दिवस ती म्हणतात, जरा ही गाडी तिकडे नेऊन लाव.

मार खाल्लेलं प्रत्येक पोर चोर होतं, असं मात्र समजू नका. अमेरिकेत कॅथी विडम यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, बालपणी छळ किंवा हेळसांड झालेल्या ९०८ जणांपैकी २६ टक्क्यांना अल्पवयात अटक झाली होती. तशाच परिस्थितीतल्या, पण छळ न झालेल्या मुलांत हे प्रमाण १७ टक्के होतं. म्हणजे छळ झालेल्यांतलेही बहुसंख्य या वाटेला गेले नाहीत. पण अमेरिकेतल्याच रॉचेस्टर शहरात हजार मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, त्यात बालपणीच थांबलेल्या छळापेक्षा किशोरवयातल्या छळाचा गुन्ह्यांशी संबंध जास्त घट्ट दिसला. भाऊजींचा पट्टा नेमका तेराव्या वर्षी निघाला, हे लक्षात घ्या.

केस बिघडेल ही भीती उलटी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मंडळ याच परिविक्षा अधिकाऱ्यांकडून सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल, मागवतं. त्याच्या नमुन्यातच मुलाचा छळ झाला का, कोणी केला, हे विचारलेलं असतं. तिथे "नाही" लिहिलं गेलं, तर मंडळापुढे उरतो फक्त गाडीचोर. खरं लिहिलं गेलं, तर समुपदेशनाचा आदेश होऊ शकतो आणि मुलाला काळजी-संरक्षणाची गरज दिसल्यास मंडळ त्याला बालकल्याण समितीकडेही पाठवू शकतं. मुलाचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे मोहल्ल्यात बोभाटा होईल ही काळजी अहवालापुरती तरी सोडा.

याच कायद्याच्या कलम ७५ खाली ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, बाप असला तरी. हे भाऊजींना धमकी म्हणून सांगू नका, त्याचा राग पोरावरच निघेल. अधिकाऱ्यांनाच म्हणा, मुलाशी एकट्याने बोला, आईबापासमोर नको. तोवर पट्टा पुन्हा निघाला तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लावा, आणि बहीण तयार असेल तर पोराला काही दिवस तुमच्याकडे झोपायला न्या. मात्र मंडळाने त्याला आईबापाच्या ताब्यात दिलं असेल, तर तसं अधिकाऱ्यांच्या कानावर घालूनच.