मित्राने एका डीलमध्ये दोन लाख कमावले, मीही नोकरी सोडून प्रॉपर्टी एजंट व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात बीपीओत 28 हजार पगार आहे आणि मित्राची कमाई बघून राजीनामा द्यावासा वाटतोय. मित्राचे दोन लाख खरे असतील. ते हातात कधी पडले, एवढं फक्त त्याला विचारा.

मी वाकड-हिंजवडी भागात हेच काम करतो. या धंद्यात पैसा आहे, पण तो एक तारखेला येत नाही. समजा, रीसेलचा 70 लाखांचा फ्लॅट आहे. एक टक्का ब्रोकरेज म्हणजे 70 हजार. फ्लॅट दुसऱ्या एजंटकडचा असेल तर एकाच बाजूचे, म्हणजे फक्त आपल्या ग्राहकाकडचे मिळतात. टोकन (बयाणा) झालं तरी सोसायटीची एनओसी, घेणाऱ्याचं लोन, विकणाऱ्याच्या जुन्या कर्जाची फेड यात दोन-तीन महिने सहज जातात. ब्रोकरेज मिळतं ते बहुतेक वेळा रजिस्ट्रेशनच्या दिवशी, आणि ठरलेल्या रकमेवर घासाघीस तेव्हाही होते. बिल्डरच्या प्रकल्पात टक्केवारी जास्त असते, पण अॅग्रीमेंट होऊन ग्राहकाचे ठरलेले पैसे जमा होईपर्यंत तुमचं बिल निघत नाही. त्यात ग्राहक आधीच दुसऱ्या कुणाबरोबर साइट बघून, नाव नोंदवून आलेला असला की तुमची अख्खी दुपार फुकट.

म्हणून माझं मत, सुरुवात भाड्याच्या घरांपासून करा. एका व्यवहाराला साधारण महिन्याभराचं भाडं मिळतं आणि तेही आठवड्या-पंधरवड्यात. करार बहुधा 11 महिन्यांचा असतो, म्हणजे तेच घर पुन्हा तुमच्याकडे येऊ शकतं. कुठल्या सोसायटीत पाण्याचा टँकर येतो, कुठे बॅचलर चालत नाहीत, हे पायाखालून जातं. आयटीतला भाडेकरू दोन-तीन वर्षांनी घर घ्यायला निघतो, तेव्हा त्याच्याकडे तुमचा नंबर असतो. माझी बरीचशी गिऱ्हाइकं अशीच आली आहेत.

महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मात्र टाळू नका. एकट्या व्यक्तीला शुल्क 10 हजार, मुदत पाच वर्षं. 2023 पासून प्रशिक्षण आणि परीक्षेचं प्रमाणपत्रही लागू झालं आहे. नोंदणीशिवाय रेरातल्या प्रकल्पाचे फ्लॅट विकलेत तर कायद्यात दिवसाला 10 हजारांचा दंड आहे.

नोकरी आज सोडू नका. ग्राहक घरं बघतात ती शनिवार-रविवारीच, तेव्हा सुट्टीच्या दिवशी एखाद्या जुन्या एजंटबरोबर फिरा. सहा-आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला की मग राजीनाम्याचं बघा, आणि तोही पितृपंधरवड्याच्या तोंडावर नको. तेव्हा टोकन द्यायला फारसं कुणी तयार नसतं, दसऱ्यापर्यंत नुसते फोन येतात.

गुंठ्यांच्या प्लॉटिंगमध्ये मोठं कमिशन देतो म्हणणारे पहिल्याच महिन्यात भेटतील. सातबारा आणि फेरफार स्वतःला वाचता येईपर्यंत त्यांच्या साइटवर आपल्या ओळखीतलं माणूस नेऊ नका.