वाचकांचे प्रश्न : आबा गाडीत बसत नाहीत, मग काय करायचं?

प्रश्न (जळगाव) : आमच्या दुकानाच्या ओट्यावर एक म्हातारे आबा झोपतात, बरीच वर्षं झाली. मे महिन्यात रात्री अकराला पण ओटा तापलेला असतो. मनपाची गाडी येते, निवाऱ्यात चला म्हणतात, आबा नाही म्हणतात, गाडी निघून जाते. शेजारचे म्हणतात त्याला तिथंच आवडतं, हाकला. काय करावं?

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे हाकलू नका, आणि "आवडतं" हे तर मला अजिबात पटत नाही. ४४-४५ डिग्रीत तापलेल्या फरशीवर झोपायला कोणाला आवडेल हो? नाही म्हणायला कारणं असतात, आणि ती कोणी विचारतच नाही. गाठोडं सोबत नेऊ देतील का ही भीती असते, पहाटे मजूर अड्ड्यावर पोचलं नाही तर दिवसाची रोजी बुडते आणि निवारा पडला लांब, कोणाची बायको सोबत असते आणि तिथं बाया-माणसं वेगळी झोपवतात. आणि सगळ्यात मोठी भीती गाडीचीच. १९५९ चा भिक्षाप्रतिबंधक कायदा आहे आपल्याकडे, त्यात भीक मागणाऱ्याला पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात, मग आबांना काय कळणार ही गाडी निवाऱ्याची का त्या कामाची?

म्हणून गाडी एकदा येऊन गेली म्हणजे काम झालं असं नसतं. गाडीवरचा तोच माणूस परत परत यायला हवा, नाव विचारून, समोर खाली बसून, "आबा, जेवनात का?" एवढं बोलून गेला तरी चालेल. झोपलेल्याच्या तोंडावर टॉर्च नको, पायाने उठवणं नको, फोटो तर नकोच. रात्री जाणारे कर्मचारी पण दोघं-दोघं हवेत, त्यांची सुरक्षा पण महत्त्वाची आहे, एकट्या पोराला अंधारात पाठवायचं आणि वर किती जण आणले याचा आकडा मागायचा हे चूक आहे. तुम्ही मनपात शहरी बेघर निवाऱ्याचं काम बघणारे समूह संघटक कोण ते विचारा, त्यांना दिवसा बोलवा, आबांना उजेडात निवारा नुसता दाखवून परत आणा. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे, तुम्ही सोबत गेलात तर खूप फरक पडतो.

अजून एक, निवारा म्हणजे उपकार नाही. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०१३ ला आलं त्यात नियमच होता की दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायमची सोय, माणशी ५० चौरस फूट, आणि वर्षभर २४ तास उघडं. जळगाव २०११ च्या जनगणनेत ४ लाख ६० हजार, म्हणजे ४०० च्या वर जागा पाहिजेत, नगरसेवकाला हे विचारा की. आणि आपल्याकडे दिवसा उघडं असणं जास्त गरजेचं, थंडीचं सगळ्यांना सुचतं पण खान्देशात दुपारची लू माणूस घेऊन जाते.

तोपर्यंत ओट्यावर सावलीत माठ ठेवा. आबा असंबद्ध बोलायला लागले, अंग भट्टीसारखं तापलं तर लगेच सावलीत घ्या, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा, वारा घाला, १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

प्रश्न (भुसावळ) : स्टेशनबाहेर एक बाई फिरते, स्वतःशीच बोलते, कपड्यांचं भान नाही. पोलीस म्हणतात आमचं काम नाही.

उत्तर : ताई, त्यांचंच काम आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम १००. अशी व्यक्ती स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल तर पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने तिला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. घरचे सापडत नसतील तर हरवल्याची नोंद पण पोलिसांनीच करायची. ११२ ला फोन करा, आणि ठाण्यात जाल तेव्हा कलमाचा नंबर कागदावर लिहून न्या. भुसावळला कुठकुठल्या गाड्या येतात, ती बाई कोणाच्या तरी घरची आहे आणि ते लोक पार दुसऱ्या राज्यात तिला शोधत असतील. पोलीस येईपर्यंत एखादी बाईमाणूस सोबत थांबली, अंगावर चादर दिली तर फार बरं. रात्री तिला एकटं सोडू नका.

प्रश्न (धुळे) : आधार कार्ड नाही म्हणून रेशन नाही, पत्ता नाही म्हणून आधार नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी फुटपाथवर राहतात, त्यांचं कसं होणार?

उत्तर : मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं फोटोसहित प्रमाणपत्र आधारला चालतं. मावशींना निवाऱ्यात नोंद करायला सांगा, प्रमाणपत्र मागा, मग आधार केंद्र. सोबत तुम्ही जा, एकट्या बाईला खिडकीवरून परत पाठवतात.