टाटा एसचे जुने इंजिन बसवायला स्वस्तात कोणती गाडी घ्यावी?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंगणघाटजवळ अपघातातल्या टाटा एसचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन मिळत आहे, हाताशी पन्नास हजार आहेत, वावरात खत, बियाणे आणि वेचलेला कापूस हलवायला गाडी बनवायची आहे, आणि जो तो म्हणतो मारुती 800 घ्या. माझे मत वेगळे आहे. मारुतीचीच ओम्नी व्हॅन घ्या.

मारुती 800 हलकी आहे, गल्लोगल्ली मिळते, हे खरे. पण तिच्यात इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके फिरतात. एसचे इंजिन लांबीत बसते, गिअरबॉक्स मागे तोंड करून असतो आणि ताकद प्रॉपेलर शाफ्टने मागच्या चाकांना जाते. 800 च्या मागच्या एक्सेलला डिफरन्शियलच (शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा गोळा) नाही. म्हणजे फ्लोअर कापा, शाफ्टला जागा करा, दुसऱ्या गाडीचा एक्सेल आणा, त्याला पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) लावा. एवढे केल्यावर हातात येते ती ओम्नीच, पण दुप्पट पैशात. इंडिकाचेही तेच. 1405 सीसीचे तिचे डिझेल इंजिन आणि एसचे 702 सीसीचे इंजिन एकाच घराण्यातले, म्हणून अनेकांना वाटते की हे तिच्यात सहज बसेल. पण तिथेही इंजिन आडवे आणि ओढ पुढच्या चाकांना.

अॅम्बेसेडरची मांडणी जुळते, पण ती अकराशे किलोच्या वर जाते आणि एसचे इंजिन 16 एचपीचे. रिकामी चालेल, माल भरला की पांदणीच्या चढावर दम सोडेल. जीपची चेसिस सगळ्यात उत्तम, पण ती तुमच्या पैशात बसणार नाही.

ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली, लांबीत. मागे डिफरन्शियल आणि पाटे. चाके 12 इंची. एसची मांडणी अगदी अशीच आहे, म्हणून तोडफोड कमी.

आता कोणती ओम्नी? जिचे इंजिन गेले म्हणून स्वस्त झाली ती. सांगाडा गेला म्हणून स्वस्त झालेली फुकटातही नको. रंगावर जाऊ नका. नव्या रंगाखाली पुटी भरलेली असते. एक जाड स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीखाली झोपा. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बॉडीला जोडलेत तिथे टोक जोर लावून दाबा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भुसभुशीत लागले, पापुद्रे सुटले, टोक आत गेले तर उठा आणि घरी या. माल भरल्यावर सगळा भार तिथेच येतो. तशीच तपासणी जॅक लावायच्या जागी, पुढच्या चाकांवरच्या कमानीत आणि सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत करा. सरकते दार अडत असेल तर बॉडी वाकलेली असू शकते. कार्बोरेटरवाली मिळाली तर बरे, वायरिंग सोपी असते. ब्रेकला बूस्टर (पेडल हलके करणारा डबा) असलेलीच बघा.

इंजिन सकाळी, थंड असतानाच बघायला जा. आधीच गरम करून ठेवले असेल तर स्टार्टिंगचा दोष लपतो. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण काढा. भकाभका धूर वर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून इंजिन चालू करा. पाण्यात बुडबुडे थांबत नसतील तर हेड गॅस्केट गेले किंवा हेडला चीर. बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाडीचे इंजिन घेऊ नका, त्याला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक लागतो. जुने मेकॅनिकल डिझेल पंपाचेच हवे.

सुटे इंजिन घेणे हाच सगळ्यात महागडा सौदा. गिअरबॉक्स, क्लच, गिअर लिव्हर, शाफ्टचा पुढचा तुकडा, फाउंडेशन रबर (इंजिन ज्यावर बसते ते) आणि त्यांचे ब्रॅकेट, सेल्फ, अल्टरनेटर, हीटर प्लगची रिले, रेडिएटर, एअर फिल्टरचा डबा आणि डिझेल फिल्टर, सगळे एकाच गाडीचे उचला. व्हॅक्यूम पंप विसरू नका. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून (हवा आत घेणाऱ्या नळ्यांतून) बूस्टरला हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम मिळते, डिझेलमध्ये ती मिळत नाही. पंप नसेल तर ब्रेकचे पेडल दगडासारखे होते.

बसवताना पहिली अडचण उंचीची. इंजिनाच्या चेंबरपासून (खालच्या ऑइलच्या भांड्यापासून) वरच्या टोकापर्यंतचे माप आधी घ्या, मग ओम्नीचे सीट उचलून खालची जागा मोजा. कमी पडली तर सीटचा पाया वर घ्या. चेंबर क्रॉस मेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या पट्टीच्या) खाली लोंबू देऊ नका, चाकोरीतल्या दगडावर फुटेल. दुसरी अडचण थरथरीची. दोन सिलिंडरचे डिझेल ओम्नीच्या पातळ पत्र्याला हादरवून स्पॉट वेल्ड उघडते. माउंट थेट पत्र्यावर वेल्ड न करता खालच्या चॅनलवर 5 मिमी प्लेटचे ब्रॅकेट लावा, भार लांबवर पसरवा, मध्ये एसचेच रबर ठेवा.

शाफ्ट लेथवाल्याकडून जोडून घ्या: पुढे एसचा तुकडा, मागे ओम्नीचा फ्लँज. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत आले पाहिजेत, नाहीतर वेग वाढला की गाडी थरथरते आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात. वेल्डनंतर बॅलन्सिंग हवेच.

वेग किती मिळेल तो आधीच काढता येतो. गाडी न्यूट्रल ठेवा, मागचे एकच चाक उचला, ते बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा; तोच डिफरन्शियलचा रेशो. समजा 5 आला. 145/80 आर 12 टायरचा घेर साधारण 1.69 मीटर, म्हणजे इंजिनाच्या 3200 आरपीएमला (मिनिटाला 3200 फेरे), शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरणाऱ्या गिअरात, ताशी 65 किलोमीटर. वावराला भरपूर झाले. पावसाळ्यात मात्र काळ्या जमिनीत उतरवू नका. 12 इंची चाक रुतले की बैल लावूनच काढावे लागेल.

कागदांचे स्पष्ट सांगतो. पेट्रोल गाडीत दुसऱ्या बनावटीचे डिझेल इंजिन टाकणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. कलम 182-ए(4) मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा दोन्ही आहे. त्यामुळे गाडी स्वतःच्या शेताच्या धुऱ्याच्या आतच. लोकांची वहिवाट असलेली पांदणही सार्वजनिकच धरली जाते. घेताना आरसी, चेसिस नंबर आणि बँकेचा बोजा तपासा, आणि नोंदणी आरटीओतून रद्द करून घ्या.

टाकीतले पेट्रोल, गंज, गाळ पूर्ण काढा, डिझेल पंपाकडून आणि नोझलकडून परत येणाऱ्या डिझेलची रिटर्न नळी टाकीत सोडा, पाणी वेगळे करणारा फिल्टर लावा. मग हाताच्या पंपाने हवा काढा, नोझलचे नट सैल करून सेल्फ मारा, डिझेल आले की आवळा. पहिल्या स्टार्टला एक माणूस इंजिन हवा ओढते त्या नळीपाशी जाड सपाट पाटी घेऊन उभा ठेवा, हात नळीवर ठेवायचा नाही. डिझेल पंप अडकला किंवा इंजिन स्वतःचेच ऑइल ओढू लागले तर चावी काढूनही ते थांबत नाही. नळीचे तोंड पाटीने गच्च झाकले तरच थांबते.